हे उत्तर कसं आलं, ते सांग

(मार्च १९९५ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, लेखी स्वरूपात)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘सोशल मीडिया : शाप की वरदान’. विषय ऐकला आणि मला आपली निबंधाची वही आठवली. तेव्हा ‘विज्ञान : शाप की वरदान’ असायचं. आपण सगळे शेवटी ‘ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’ असं लिहून दहापैकी सहा मार्क पदरात पाडून घ्यायचो. आज मार्क मिळणार नाहीत, त्यामुळे मी विषय जरा बदलून घेतला आहे. आपल्या बॅचचा एक छोटा ग्रुप आहे, एकतीस जणांचा. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप असल्या गोष्टींबद्दल जे काही विचारायचं असेल ते तिथे विचारायचं, एवढंच त्याचं काम. त्या ग्रुपचा सूर कसा लागला, किती वेळा बिघडला, याबद्दल मी बोलणार आहे. त्यात माझ्या दोन चुका आहेत. त्यातली एक आज या सभागृहात रिकाम्या खुर्चीच्या रूपाने हजर आहे.

सुरुवात मोठ्या ग्रुपपासून करायला हवी. २०१६ च्या दिवाळीत आपला बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला, ते आठवतंय? पहिले चार दिवस काय गंमत होती! शाळेत मुलगे मुलींशी बोलत नव्हते, आणि बोललेच तर आडनावाने. त्यामुळे एकवीस वर्षांनी एकमेकांना काय म्हणायचं हाच पहिला पेच. कोणी ‘मॅडम’ म्हणत होतं, कोणी ‘ताई’. मला तर एकाने ‘आदरणीय’ लिहिलं होतं. त्यानेच आठवीत माझ्या डब्यातली पोळीची गुंडाळी पळवली होती. मग एकीने सरळ लिहिलं, ‘अरे गप्प बसा, सगळे अरे-तुरेच.’ त्या एका वाक्याने सगळे मोकळे झाले. तहसील कचेरीतला, टेम्पो चालवणारा, दुबईतला आणि मंडईत गाळा असणारा, सगळे पुन्हा एका बाकावर. सूर कसा लागतो ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. नाही कळलं.

२०२१ मध्ये आपल्यातल्या एकाने सकाळी सकाळी लिहिलं, ‘बँकेचा मेसेज आला होता, केवायसी अपडेट करा म्हणून. लिंक उघडली. आता काय करू?’ साधा प्रश्न. त्यावर जे झालं ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत नसेल, मलाही आठवत नव्हतं. ते मी नंतर शोधून काढलं. त्याकडे येते.

गेल्या डिसेंबरात, म्हणजे २०२४ च्या, एका साखरपुड्याला आपल्यातली एक मैत्रीण भेटली. तिच्या परवानगीने सांगते आहे. नाव, गाव, रक्कम काही सांगणार नाही. हॉलच्या जिन्यात तिने मला थांबवलं आणि म्हणाली, ‘एक सांगायचं होतं.’ तिला फोन आला होता. तुझ्या आधार कार्डावर पार्सल निघालंय, त्यात अमली पदार्थ आहेत. मग व्हिडिओ कॉल, समोर पोलिसाच्या वर्दीतला माणूस, मागे सरकारी वाटावी अशी भिंत. दोन दिवस तिला कॅमेऱ्यासमोरून हलू दिलं नाही. घरच्यांना सांगितलंस तर त्यांनाही अटक होईल, अशी भीती. तिने ठेव मोडली आणि पैसे पाठवले. मुलाच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे होते. मला जिन्यात सांगत होती तेव्हा त्या गोष्टीला एकोणीस दिवस झाले होते, आणि सांगितलेली मी पहिली.

एकोणीस दिवसांचा अर्थ काय, ते थोडं सांगते. असे पैसे गेले की १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा किंवा सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकायची. तुमचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून चौथ्या असे भराभर पळवले जातात. ते अजून एखाद्या खात्यात असतील तोवर बँक ते गोठवू शकते. कोणीतरी ते रोख काढून घेतले की संपलं. म्हणून पहिले काही तास सोन्याचे. तिच्याकडे ते तास होते. दुसऱ्या दिवशी रात्री कॉल बंद झाला आणि तासाभरात तिला कळलं होतं की फसवणूक झाली.

‘डिजिटल अटक’ असा प्रकार आपल्या कुठल्याही कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये याबद्दल सावध केलं होतं. त्याचा फॉरवर्ड आपल्या मोठ्या ग्रुपवर तीन वेळा आला होता. तिनेही तो वाचला होता. वर्दी दिसल्यावर आणि दोन रात्री झोप नसल्यावर वाचलेलं काही आठवत नाही, असं ती म्हणाली, आणि मला ते पटतं. पण मी तिला विचारलं, ‘अगं, कॉल संपल्यावर, त्या रात्री तरी ग्रुपवर का नाही लिहिलंस? आपल्यात दोन जण बँकेत आहेत, एक पोलिसात आहे, मी आहे.’

ती म्हणाली, ‘त्या केवायसीवाल्याला तुम्ही काय काय बोललात ते मी वाचलं होतं.’ आणि मग थांबून, ‘तू पण हसली होतीस.’

मी सॉफ्टवेअरवाली. कुठे घोळ झाला की आम्ही आधी लॉग काढून बघतो. रात्री घरी पोहोचल्यावर मी २०२१ चे ते मेसेज शोधले. त्याच्या प्रश्नाखाली तेवीस हसणारे चेहरे होते. ‘आता जमीन काढ विकायला’, ‘शाळेतही असाच होतास’, ‘नववी नापास झाला असतास तर बरं झालं असतं’. अकरावा हसणारा चेहरा माझा होता, डोळ्यांतून पाणी येणारा. मला त्याची काडीचीही आठवण नव्हती. खरं उत्तर शून्य. नंतर कळलं की आपल्या टेम्पोवाल्या मित्राने त्याला फोन करून ‘ओटीपी दिलास का? नाही ना? मग झोप’ एवढं विचारलं होतं. त्याचे पैसे वाचले, त्यामुळे सगळे तो प्रसंग विसरले. तो मात्र त्यानंतर ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहीत नव्हता. आणि तीन वर्षं आणखी एक जण ते लक्षात ठेवून गप्प बसली होती.

जानेवारी २०२५ मध्ये मी हा वेगळा ग्रुप काढला, त्याचं कारण हे. नाव ठेवलं ‘विचारून टाक’. आणि इंजिनिअर जे करतो तेच आधी केलं : नियम लिहिले. सतरा नियम. राजकारण नको, गुड मॉर्निंग नको, स्रोत नसलेला फॉरवर्ड नको, वगैरे वगैरे. दोन संध्याकाळी घालवून लिहिले. त्यावर दोन नमस्काराचे हात आले आणि एक ‘छान माहिती’. तिसऱ्या दिवशी एकाने गुलाबाच्या फुलासह गुड मॉर्निंग टाकलं. त्याने नियम मोडला नव्हता, वाचलाच नव्हता.

तसे माझे नियम फार नवीनही नव्हते. आपण दहावी झालो त्याच वर्षीची गोष्ट बघा. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. आपण तेव्हा अकरावीत होतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. त्याच ऑक्टोबरात तिकडे अमेरिकेत इंटेल कंपनीतल्या सॅली हॅम्ब्रिज या बाईंनी लिहिलेला एक दस्तऐवज प्रसिद्ध झाला. त्याचा क्रमांक आरएफसी १८५५. आरएफसी म्हणजे इंटरनेट कसं चालावं याच्या चर्चेचे आणि संकेतांचे अधिकृत कागद. बहुतेक रूक्ष, तांत्रिक. हा मात्र शिष्टाचाराचा. एखाद्या चर्चागटात आलात तर एक-दोन महिने नुसतं वाचा, मग लिहा. राग आला असेल तर उत्तर पाठवायला रात्र जाऊ द्या. स्वतः लिहिताना काटेकोर राहा, दुसऱ्याचं वाचताना मन मोठं ठेवा. सगळी अक्षरं कॅपिटलमध्ये लिहू नका, ते ओरडल्यासारखं वाटतं. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, म्हणून आपण ती उणीव उद्गारचिन्हांनी भरून काढतो. आपल्या बॅचमधला एक जण एका वाक्याला नऊ देतो, तो आत्ता हसतोय.

तो कागद लिहायची गरज का पडली, तीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९७९-८० पासून यूजनेट नावाची चर्चागटांची व्यवस्था होती, मुख्यतः विद्यापीठांतल्या लोकांची. दर सप्टेंबरला तिकडे नवे विद्यार्थी कॉलेजात येत, त्यांना संगणकाचं खातं मिळे आणि ते या गटांत घुसून गोंधळ घालत. जुनी मंडळी कुरकुरत त्यांना सांभाळून घेत, आणि महिना-दोन महिन्यांत नवे लोक रुळत. हे म्हणजे आपल्या शाळेतला जून. पाचवीची पोरं येतात, चुकीच्या रांगेत उभी राहतात, शिपाईमामांना ‘सर’ म्हणतात, आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सगळं शिकलेली असतात. त्यांना कोणी नियमावली वाचून दाखवत नाही. वरच्या वर्गातली मुलं कशी वागतात ते बघून शिकतात. १९९३-९४ च्या सुमारास मात्र अमेरिका ऑनलाइनसारख्या कंपन्यांनी आपल्या सगळ्या ग्राहकांसाठी यूजनेटचं दार उघडलं. रोज नवे लोक, हजारोंनी. जुन्यांना पुरे पडेना. त्या काळाला तिकडे ‘कधीच न संपलेला सप्टेंबर’ म्हणतात. आपल्या भाषेत कायमचा जून.

आमच्या क्षेत्रात स्टॅक ओव्हरफ्लो म्हणून प्रश्नोत्तरांचं एक संकेतस्थळ आहे, २००८ पासूनचं. जगभरातले प्रोग्रामर तिथून उत्तरं घेतात. नियम चोख, उत्तरं दर्जेदार. तरीही २०१८ मध्ये त्या संस्थेनेच जाहीर लिहून मान्य केलं की नव्या माणसाला तिथे आपुलकी वाटत नाही, आणि हे बदलायला हवं. मग त्यांनी एक छोटीशी सोय केली : कोणी पहिल्यांदाच लिहीत असेल तर त्याच्या नावाशी ‘नवा सदस्य’ अशी खूण दिसायची. नवं पोर आहे, जरा बेताने. मला ते फार आवडलं. शाळेच्या पहिल्या दिवशी आई शर्टाला रुमाल टाचून द्यायची, तसं.

हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी सतरा नियम लिहिले होते. पंधरा दिवस ग्रुपवर कोणी काही विचारलं नाही. बातम्यांच्या लिंका येत होत्या, प्रश्न एकही नाही. आणि मला कळत होतं की पहिला प्रश्न कोणी का विचारेल? तेवीस हसणारे चेहरे सगळ्यांनी पाहिले होते.

मग एका रविवारी मी माझी गोष्ट लिहिली. ती तोवर मी ऑफिसात सोडाच, घरीही सांगितली नव्हती. २०२२ मध्ये मी मुलाचं अभ्यासाचं जुनं टेबल ऑनलाइन विकायला ठेवलं होतं. एकाचा फोन आला, लष्करात आहे म्हणाला, घासाघीस न करता किंमत मान्य. ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा.’ मी केला. पिन टाकला. चार हजार आठशे रुपये आले नाहीत, गेले. पैसे घ्यायला ना कोड स्कॅन करावा लागतो ना पिन टाकावा लागतो, हे मी माझ्या आईला किमान दहा वेळा सांगितलं आहे. त्या वेळी मला या क्षेत्रात एकवीस वर्षं झाली होती.

मेसेज टाकला आणि फोन उलटा ठेवला. दोन तास काहीही नाही. तुम्हाला सांगते, ते दोन तास वाईट होते.

मग बाईंचा मेसेज आला. आपल्या गणिताच्या बाई आज समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना मी आग्रहाने या ग्रुपमध्ये घेतलं होतं. बाईंनी लिहिलं : ‘तो काय काय म्हणाला, ते क्रमाने सांग. पिन टाकताना तुझ्या मनात काय होतं?’

बाई, तुम्हाला आठवतं का माहीत नाही. नववीत वयाची गणितं चालू होती. आपल्यातल्या एकाने फळ्यावर गणित सोडवलं आणि उत्तर आलं : वडिलांचं वय नऊ, मुलाचं सत्तावीस. वर्ग खिदळला. बाईंनी हात वर केला आणि आम्ही गप्प झालो. त्यांनी उत्तर पुसायला लावलं नाही. म्हणाल्या, ‘हे उत्तर कसं आलं, ते सांग. पहिल्या ओळीपासून.’ तो सांगत गेला. तिसऱ्या ओळीत कंस सोडवताना उण्याचं अधिक झालं होतं. बाईंनी वर्गाला विचारलं, ‘वहीत हीच चूक कोणाकोणाची आहे?’ अकरा हात वर झाले. मघाशी खिदळणाऱ्यांतले सुद्धा. माझा हात त्यात होता.

मी बाईंना क्रमाने उत्तर दिलं. मी घाईत होते, मीटिंग सुरू होणार होती, तो सतत बोलत होता म्हणून पडद्यावर काय लिहिलंय ते वाचलं नाही, आणि किंमत पटकन मिळाली या आनंदात होते. रात्री साडेदहापर्यंत त्या मेसेजखाली सहा जणांनी आपापलं सांगितलं. लॉटरी, नोकरीची जाहिरात, कुरिअरचा पत्ता, फेसबुकवर मित्राच्या नावाने उसने मागितलेले पैसे. एका डॉक्टरनेही सांगितलं. ते हात वर होणंच होतं.

त्या दिवसापासून ग्रुपचा सूर लागला. सतरा नियम मी काढून टाकले. एक उरला, तोही मी लिहिलेला नाही, आपोआप पडला : कोणी काही सांगितलं की पहिलं उत्तर प्रश्न असतो. मग काय झालं, कधी झालं, त्याने काय म्हटलं. हसणारा चेहरा कोणी टाकत नाही असं नाही, पण ज्याचं झालंय तो स्वतः हसल्याशिवाय दुसरा हसत नाही. कोणी रोमन अक्षरांत मराठी लिहिलं, स्पेलिंग कसंही असलं, तर त्यावर बोलायचं नाही. मंडईतला आपला मित्र टाइप करत नाही, आवाज पाठवतो, आणि त्याच्या एका मिनिटात मागे भाजीवाल्यांचा जो गलका असतो त्याच्यासाठी दुबईवाला ते दोनदा ऐकतो.

मार्चमधली एक रात्र सांगते. एकाच्या नववीतल्या मुलीच्या फोटोवरून कोणीतरी इन्स्टाग्रामवर खोटं खातं काढलं होतं. त्याने रात्री अकरा वाजता लिहिलं. त्याखाली पहिला मेसेज आला आणि लगेच पुसला गेला. ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ एवढीच ओळ राहिली. कोणी लिहिलं होतं ते मला माहीत आहे आणि त्याने नंतर मला सांगितलंही : ‘मुलीला फोन दिलाच कशाला?’ असं लिहिलं होतं. पाठवलं आणि स्वतःच पुसलं. मला त्या पुसलेल्या ओळीचं सतरा नियमांपेक्षा जास्त कौतुक आहे. मग कामाची उत्तरं आली. आधी त्या खात्याचे आणि त्याच्या पत्त्याचे स्क्रीनशॉट काढ, कारण खातं गेलं की पुरावाही जातो. मग अ‍ॅपमध्येच तक्रार कर आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिही. २०२१ च्या नियमांनुसार दुसऱ्याचं सोंग घेऊन टाकलेल्या अशा मजकुरावर तक्रार आल्यापासून चोवीस तासांत कंपनीने कारवाई करायची, असं तेव्हा बंधन होतं. सायबर पोर्टलवर नोंद कर. आणि एका मैत्रिणीने लिहिलं, ‘मुलगी जागी आहे का? तिच्याजवळ जाऊन बस, फोन आम्ही बघतो.’ तो उठून गेला.

आता चुकांकडे. सगळं गोड झालं असं समजू नका. गोडीचाही त्रास झाला. एप्रिलमध्ये एकीने विचारलं, कार्डाचे पैसे दोनदा कापले गेले, बँकेच्या ग्राहक सेवेचा नंबर द्या. एकाने गुगलवर शोधून नंबर टाकला. चौदा जणांनी धन्यवाद दिले. आपला बँकेतला मित्र तो नंबर पाहताच चमकला, कारण असे खोटे नंबर भामटेच पेरून ठेवतात. पण सांगू की नको, नंबर देणाऱ्याला वाईट वाटेल, इतका छान ग्रुप चाललाय, असा विचार करत तो दुसऱ्या दिवसापर्यंत गप्प राहिला. ती लग्नाच्या गडबडीत होती म्हणून तिने फोन लावला नव्हता, एवढ्यावर निभावलं. नंबर कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला असतो, तोच घ्यायचा.

बाई त्या वेळी रागावल्या. लिहिलं, ‘मी तुमच्या वह्यांत लाल शाई वापरायचे. चूक आहे तर चूक म्हणा.’ आम्ही हसून घ्यायचं नाही हे शिकलो होतो आणि त्या नादात फुली मारायचीही सोडून दिली होती. आता बँकेतला मित्र सरळ लिहितो, ‘हे चूक आहे’, आणि खाली कारण देतो. दोन-तीन जणांना सुरुवातीला लागलं. त्याला इलाज नाही.

दुसरी चूक माझी एकटीची. फेब्रुवारीत आपल्यातल्या एकाने ‘बायका कशा फसतात’ अशा अर्थाचा एक विनोद टाकला. आपली ती मैत्रीण ग्रुपमध्ये होती. माझं डोकं फिरलं. रात्री पावणेबाराला मी त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. फोन नाही, एक ओळ नाही. बग दिसला, काढला. सकाळी मी स्वतःला समजावलं की अ‍ॅडमिन म्हणून माझी कायदेशीर जबाबदारी होती. हेही खोटं होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलं आहे की एखाद्या सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं, तर त्यात सामील नसलेल्या अ‍ॅडमिनला केवळ अ‍ॅडमिन म्हणून दोषी धरता येत नाही. मला कायद्याची भीती नव्हती, राग होता. आणि ज्या कागदाचं मी मघाशी कौतुक केलं, त्यात रात्र जाऊ द्या असं लिहिलेलं आहे.

त्याचा विनोद वाईटच होता, ते मी मागे घेत नाही. पण त्याला मैत्रिणीबद्दल काहीच माहीत नव्हतं. एकतीस जणांच्या देखत, वर्गाबाहेर काढल्यासारखं मी त्याला काढलं, आणि कारण न सांगता. मी त्याला ‘हे कसं आलं’ विचारलं नाही. त्याने मोठा ग्रुपही सोडला. आज सकाळी आपण प्रीतिसंगमावर फोटो काढला त्यात तो नाही. गावातच राहतो, इथून दहा मिनिटांवर.

आणि मैत्रीण. मे महिन्यात एका संध्याकाळी तिने स्वतःच ग्रुपवर लिहिलं. मी सुचवलं नव्हतं. नऊ मेसेजमध्ये लिहिलं, मध्येमध्ये थांबत. वर ‘टाइप करत आहे’ असं दिसायचं आणि बंद व्हायचं. पैसे परत मिळालेले नाहीत, तक्रार चालू आहे. शेवटचा मेसेज आल्यावर मिनिटभर कोणी काही लिहिलं नाही. मग पहिलं उत्तर आलं ते केवायसीवाल्याचं, जो तीन-साडेतीन वर्षं फक्त वाढदिवसाला लिहीत होता. ‘पहिला फोन किती वाजता आला? तेव्हा घरी कोण होतं?’

तिने सांगितलं. सगळ्यांनी वाचलं. आपल्यातल्या पाच जणांनी ते घरी आपल्या आईवडिलांना वाचून दाखवलं, असं नंतर कळलं. आत्ता ती तिसऱ्या रांगेत आहे आणि मी हे बोलत असताना माझ्याकडे बघून मान हलवते आहे, म्हणून पुढे जाते.

पंधरा मिनिटं होत आली. ग्रुपमध्ये यायचं असेल त्यांनी दाराजवळच्या वहीत नाव आणि नंबर लिहा, शिक्षकांनीही. आणि चहाच्या वेळी मी वरच्या दहावी ‘ब’च्या वर्गातून त्याला फोन लावणार आहे. त्याने फोन उचलेल की नाही, सांगता येत नाही. आधी दोनदा उचललेला नाही. ज्यांच्याशी त्याचं अजून बोलणं आहे, त्यांनी जरा वर या. त्याचं घर दहा मिनिटांवर आहे आणि जेवणाला अजून दीड तास आहे.